बादलीतले अकरा काटे

मासळी बाजाराच्या मागच्या ओट्यावर मासे कापून देणाऱ्या सात बायका बसतात. दारापासून तिसरी जागा आक्काची. बावीस वर्षं ती तिथेच बसते आहे. वय सेहेचाळीस, खांदे रुंद, बोलणं तोडून टाकल्यासारखं. डोळे मिटलेले असताना हातात मासा दिला तरी ती जात सांगते. "आक्का, ताजा आहे ना हा?" असं कुणी विचारलं की म्हणते, "माशाला विचारा. मी काय त्याची वकील आहे?"

तिला एक धाकटा भाऊ. लोक त्याला फटाका म्हणतात, अर्थात पाठीमागे. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि आक्कानेच त्याला वाढवलं. वाढला आणि त्याचा हात सुटायला लागला. एकदा तराजूचं वजन फेकून त्यानं एका हमालाचा जबडा मोडला. बायको दोन वर्षांत माहेरी गेली ती परत आलीच नाही. आक्कावरही त्यानं तीनदा हात उचलला होता. ओठ फाटला तेव्हा तिनं बाजारात सांगितलं, ओट्यावरून घसरले. डोळा सुजला तेव्हा म्हणाली, दार लागलं. बरगडी दुखावली तेव्हा जिन्यावरून पडले म्हणाली, तर शेजारच्या ओट्यावरची म्हणाली, "आक्का, एका खोलीत राहतेस तू. जिना कुठून आणलास?" सगळ्या हसल्या. आक्काही हसली, बरगडी धरून.

तरी दर रविवारी ती त्याच्या होडीतून गळ टाकायला जायची. किनाऱ्यापासून दीड तासावर पाण्याखाली प्रवाळाचे खडक आहेत, तिथे मासा चांगला लागतो. होडी त्याची, पण तळ कुठे आहे आणि गळ किती सोडायचा हे तिला कळायचं. आणि एकटा गेला तर कुणाशी तरी भांडून येईल, ही तिची दुसरी काळजी.

त्या रविवारी सकाळी नवाच्या सुमाराला फटाक्याचा दोर जड झाला. मासा ओढत नव्हता, झटके देत नव्हता. नुसता ओल्या गोणीसारखा वर आला. फळीवर पडला तेव्हा दोघंही बघत राहिली. दीड वीत लांब, काळपट तपकिरी, अंगावर चामखिळीसारखे फोड, त्यात शेवाळ अडकलेलं. डोळे डोक्याच्या वर, तोंड आकाशाकडे उघडणारं. आक्काच्या हाताखालून हजारो मासे गेले होते, पण हा तिनं कधी पाहिला नव्हता.

"हेकरूच्या जातीचा दिसतो," फटाका म्हणाला.

"हेकरू असा नसतो. हात लावू नकोस. दोर काप आणि टाक त्याला पाण्यात."

"चांगला किलोभर आहे की."

"अरे, मला ओळखू येत नाही म्हणतेय ना मी!"

"तुला ओळखू येत नाही म्हणून मी मासा टाकू?" असं म्हणत त्यानं गळ सोडवायला मासा पाठीवरून मुठीत धरला.

त्याच्या तोंडातून जो आवाज निघाला तो माणसाचा वाटत नव्हता. त्यानं हात झटकला, मासा आक्काच्या पायाशी पडला. तिनं गमबुटाच्या टाचेखाली तो दाबून धरला. फटाक्याच्या तळव्यातून रक्त येत होतं, फार नाही, पण हात बघता बघता फुगायला लागला. मग त्यानं मासे मारायचं लाकडी दांडकं उचललं.

"थांब! त्याचा चेंदा करू नकोस! दवाखान्यात विचारतील कोणता मासा!"

तो ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. एक घाव, दोन घाव. माशाचं डोकं फुटलं, पाठ फाटली, फळीवर काळं रक्त आणि चामडीचे तुकडे उडाले. तिसऱ्या घावाला आक्का मध्ये आली. दांडकं तिच्या डाव्या मनगटावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज तिनं कानांनी ऐकला. दुखणं मागून आलं.

त्यानं दांडकं टाकलं आणि सुरी घेतली. "तोडतो," तो ओरडत होता. "हातच तोडतो! सहन होत नाही, आक्का, तोड तू!" गुडघ्यावर बसून त्यानं हात फळीवर ठेवला आणि मनगटावर सुरी लावलीसुद्धा. कातडी फाटली.

आक्कानं पाणी उपसायचं पत्र्याचं डबडं उजव्या हातात घेतलं आणि सगळं बळ लावून त्याच्या कानशिलावर हाणलं. तो आडवा झाला. उठायला लागला तशी पुन्हा हाणलं. सुरी तिनं पायानं लोटून समुद्रात टाकली. त्याच्या दंडाला आणि होडीच्या आडव्या फळीला नांगराचा दोर एका हातानं आणि दातांनी बांधला. तो तिला शिव्या देत होता, मग रडायला लागला, मग "आई" म्हणू लागला.

बाजारात शिंगाळ्याचा काटा लागला की बायका हात ऊन पाण्यात धरतात. ऊन पाणी कुठलं असणार? चहाचा थर्मास होता. तिनं चहा छोट्या बादलीत ओतला, समुद्राचं पाणी मिसळलं, आपलं कोपर बुडवून सोसवतं का पाहिलं आणि भावाचा हात त्यात दाबून धरला. थोड्या वेळानं त्याचं ओरडणं कण्हण्यावर आलं.

मग तिनं माशाचे तुकडे गोळा केले. कांदा चिरायच्या दुसऱ्या सुरीच्या पात्यानं फळी खरवडली, एकही तुकडा बोटांनी उचलला नाही. सगळा लगदा मोठ्या बादलीत भरला, वर झाकण लावलं. मोडलेलं मनगट छातीशी धरून तिनं इंजिन चालू केलं. दीड तासात फटाका तीनदा ओकला. शेवटी शेवटी त्याचे ओठ निळे पडले आणि तो तिला ओळखेना.

धक्क्यावरच्या माणसांनी त्याला उचलून बंदराच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण होती, पण गडबडली नाही. हात ऊन पाण्यात, सलाईन, छातीला तारा, सगळं पाच मिनिटांत. मग ती बाहेर आली.

"कोणता मासा होता?"

"माहीत नाही. आणलाय." आक्कानं झाकण काढलं.

डॉक्टरणीनं आत पाहिलं आणि मान वर केली. "अहो, हे काय आहे?"

"भावानं मारला."

"हे बघा, माझ्याकडे दगडमाशाच्या विषावरचं औषध आहे. तो मासा असेल तर ते लगेच द्यावं लागेल, नाडी उतरतेय त्यांची. पण हे औषध घोड्याच्या रक्तापासून करतात, एखाद्याला उलटतं, जीवही जाऊ शकतो. विंचूमासा असेल तर उगाच तो धोका कशाला घ्यायचा? मला खात्री पाहिजे."

तिनं मत्स्य महाविद्यालयातल्या एका प्राध्यापकांना फोन लावला आणि फोन मोठ्या आवाजावर टेबलावर ठेवला. परिचारिकेनं स्टीलचा ट्रे आणि चिमटा आणला. आक्कानं एका हातानं लगदा उलगडायला सुरुवात केली.

"खवले आहेत का?" फोनमधून आवाज आला.

आक्कानं चिमट्याची पाठ चामडीच्या तुकड्यावर शेपटीकडून डोक्याकडे ओढली. "एक नाही. चामडी जाड आहे, बेडकासारखी."

"नक्की? आपटल्यामुळे पडले असतील."

"साहेब, खवला पडला तरी त्याची खाच राहते. इथे खाच नाही. बावीस वर्षं खवलेच काढतेय मी."

"बरं. पाठीचे काटे बघा. बारीक, उघडे आहेत का?"

"जाड आहेत. प्रत्येकाला कातड्याची पिशवी आहे. दाबलं की खाली सरकते. आत दोन बाजूंना फुगीर काहीतरी आहे."

"मोजा. तेराच्या आसपास हवेत."

आक्कानं चिमट्यानं काटे एकेक करून ट्रेच्या कडेला ओळीनं लावले. "अकरा."

"पुन्हा मोजा."

"अकराच."

डॉक्टरीण आत धावली. दोन मिनिटांनी ती चिमट्यात काहीतरी धरून आली. फटाक्याच्या तळव्यात मोडून राहिलेला काटा. बारा. आक्काला एकदम टाच आठवली. तिनं खुर्चीवर बसून बूट अलगद काढला. गमबुटाच्या जाड रबरात तेरावा काटा बुंध्यापर्यंत रुतला होता. टोक आतल्या बाजूनं दिसत होतं, मोज्याला टेकता टेकता राहिलेलं.

"तेरा," डॉक्टरीण फोनमध्ये म्हणाली.

"खवले नाहीत, काट्यांवर पिशव्या, काटे तेरा. दगडमासाच. द्या औषध."

औषध गेलं. अर्ध्या तासानं फटाक्याच्या अंगावर गांधी उठल्या, श्वास अडकला, त्यावर आणखी एक सुई झाली. दुपारी तीनला नाडी जागेवर आली. दोन बोटं मात्र काळी पडली होती. पुढच्या आठवड्यात ती काढावी लागली.

मग डॉक्टरीण आक्काच्या मनगटाला प्लास्टर घालायला बसली. समोर कागद होता. "हे कसं झालं?"

पडद्यापलीकडे भाऊ जागा होता. खाटेची कुरकुर ऐकू आली. आक्काच्या तोंडाशी नेहमीचं उत्तर आलंही होतं: होडीत घसरले.

"भावानं दांडकं मारलं," ती म्हणाली. "ही चौथी वेळ. लिहा."

डॉक्टरणीनं लिहिलं. संध्याकाळी पोलिसांतून बाई आली, तिलाही आक्कानं तेच सांगितलं, तारखांसकट.

प्रकरण मोठं झालं नाही. फटाक्याला दर पंधरा दिवसांनी ठाण्यात हजेरी लागली आणि आक्काच्या खोलीवर जायची मनाई. महिन्याभरानं तो बाजारात आला, हात फडक्यात गुंडाळलेला. ओट्याच्या अलीकडे उभा राहिला. बायकांचे सुरे थांबले.

"माझ्याविरुद्ध लिहून दिलंस," तो म्हणाला.

"दिलं."

"मग वाचवलंस कशाला?"

आक्कानं मासा उलटा केला. प्लास्टरच्या हातानं तो नीट धरता येत नव्हता, सारखा निसटत होता. "तुला मरू द्यायचं नव्हतं," ती म्हणाली. "मार पण खायचा नव्हता. यात तुला न कळण्यासारखं काय आहे?"

त्याची मूठ वळायला गेली आणि उरलेली तीन बोटं अर्ध्यातच थांबली. सगळ्या बायका ते बघत होत्या. तो वळून निघून गेला.

आक्का रविवारी आता दुसऱ्यांच्या होडीतून जाते. तिच्या ओट्यावर एक जुना चिमटा असतो, आणि अनोळखी मासा आला की बाजारातली माणसं तो आधी तिच्याकडे आणतात.