सरस-गुळाचा रोलर

त्या छापखानेवाल्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. राज्यांची फेररचना होऊन आमचा भाग हिंदी राज्यात राहिला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सौंसरच्या आमच्या मराठी शाळेची प्रवेशअर्जाची पत्रकं छापायला मी पांढुर्ण्याला गेलो. छापखान्यातला, खिळ्यांना शाई लावायचा सरस-गुळाचा रोलर उन्हानं ओघळला होता. म्हातारा छापखानेवाला तोच सरस गरम पाण्यावर पुन्हा वितळवत होता. पाण्याला उकळी येऊ लागली की चिमट्यानं एक निखारा बाजूला काढी.

“आच वाढवा ना,” मी वैतागलो.

“सरस जळते गुरुजी. मंग शाई धरत नाही.”

“थोडीच छापा. आता मराठी शाळेत कोण येणार?”

त्यानं वितळलेला सरस रोलरच्या साच्यात ओतून रात्रभर थिजायला ठेवला. सकाळी नव्या रोलरनं पहिलं पत्रक छापून त्यानं खिशात घातलं.

“हे माह्या सौंसरच्या नातीचं. बाकी किती छापू?”