खाडीतला दिवा आणि माझी छत्री

कॉन्व्हेंटात आमच्या मदरने परदेशी सरोवरांवरच्या दीपस्तंभांची नावे घोकून घेतली. माझगावहून अर्ध्या दिवसावर, आपल्याच खाडीत एक जुना दीपस्तंभ आहे, हे मात्र कुणी सांगितले नाही! पुढे शिक्षिका होऊन तीस वर्षे मीही मुलींकडून तेच घोकून घेतले. नोकरीतून निवृत्त झाल्यावर आमच्या मासळीवालीकडून कळले, की तो दिवा आता बंद होणार. दुसऱ्याच सकाळी मी खोताच्या वाडीतल्या घरून निघाले.

माझगाव बंदरावरून मचव्याचे माणशी चार आणे पडतात. भरतीची वेळ आधी विचारून घ्या, नाहीतर चिखलात रुतून बसाल. छत्री हवीच. मचव्यात माझ्यासमोर नेमके दिव्याच्या कचेरीतले एक कारकून बसले होते.

"त्या दिव्याकडे आता बघतं कोण, बाई? फुकट तेल जळतं."

"तुम्ही कधी पाहिलात?"

"कागद पाहिलेत ना!"

शीवची टेकडी मागे पडली आणि खडकावरचा ठेंगणा दगडी स्तंभ दिसला. दिवा सांभाळते हिराबाय, कोळीण, विधवा. तिने तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचे कालवण वाढले. कारकुनांनी दोनदा मागून घेतले, हात धुतले आणि हुकूम वाचला: उद्यापासून दिवा बंद.

"माझ्या सासऱ्यानं लावलेला दिवा हाय," एवढेच म्हणून ती स्तंभावर चढली, मागोमाग आम्हीही. तिने नेहमीप्रमाणे वात पेटवली.

सांजेचा वारा सुटला होता. ज्योत विझेल म्हणून मी शहाणीने दिव्यापुढे छत्री उघडून धरली.

"बाय गो, छत्री मिट!" हिराबाय ओरडली. "दिवा झाकला म्हंजे पाणी उतरलं, खडक उघडा पडला, अशी आमची खूण हाय! होड्या थांबल्या बघ!"

खरेच, घरी परतणाऱ्या तिन्ही होड्यांनी शिडे उतरवली होती. पाण्यावरून हाक आली, "हिराबाय, भर भरतीत ओहोटी कशी गो?"

मी छत्री मिटली. शिडे पुन्हा चढली.

"बघतं कोण, म्हणालात?" मी कारकुनांना विचारले. त्यांनी हुकुमाची घडी घालून खिशात टाकली.

महिन्याने मासळीवालीने हिराबायची सुकट आणून दिली. दिवा अजून जळतो आहे. निरोप होता: पुन्हा ये, पण छत्री घरी ठेव.

परदेशी दीपस्तंभांची नावे मी केव्हाच विसरले. उतरलेली तीन शिडे मात्र रोज डोळ्यांपुढे येतात. पुन्हा जाणार आहे. छत्री नेणारच; कारकुनांचा काय भरवसा, पुन्हा हुकूम घेऊन आले तर!