टाकीखालची भिंत

घड्याळजींचं उभं आयुष्य एका डोळ्याने गेलं. उजव्या डोळ्याला भिंग लावायचं, डावा मिटायचा आणि नखाएवढ्या चक्रांच्या मागे लागायचं. शेवटी नजर दगा द्यायला लागली, घड्याळदुरुस्तीचं दुकान लेकीने सांभाळायला घेतलं आणि घड्याळजींनी घरी जाहीर केलं, "आता मला काहीतरी मोठं करायचंय. दोन्ही डोळ्यांनी बघता येईल असं."

बायकोला वाटलं, फार तर एखादं बाकडं करतील. यांनी काढली पाणवनस्पतींची टाकी.

बाहेरच्या खोलीत एक अडनिडा कोपरा होता. भिंत तिरकी, त्यात खांब पुढे आलेला. कुठलंही कपाट तिथे धड बसलं नव्हतं. घड्याळजींनी पुठ्ठे चिकटवून त्या कोपऱ्याचा साचा बनवला, पाच बाजूंचा, खांबाला वळसा घालून थेट खिडकीपर्यंत जाणारा. तो साचा जमिनीवर पसरलेला आणि बायको चहाचा कप सांभाळत त्याला ओलांडतेय, असं बरेच दिवस चाललं. साचा बघून काचवाला म्हणाला, "काका, ही टाकी आहे की होडी?"

वजनाचा विचार त्यांनी केला नव्हता असं नाही. पाणी, माती, दगड मिळून एका मोटारीएवढा भार होत होता. त्यांनी ओळखीच्या गवंड्याला विचारलं. तो म्हणाला, "त्या जागी खाली भिंत आहे ना? मग बिनधास्त ठेवा." खाली भिंत असणारच. इमारतीचे सगळे मजले एकसारखे. घड्याळजींनी आपल्या आराखड्यात ती जाड रेघेने काढलीसुद्धा.

टाकी झाली, आणि अशी झाली की शेजारचे लोक साखर मागायच्या निमित्ताने येऊन बघून जायचे. तळाला हिरवळ गालिच्यासारखी पसरली. वाळक्या खोडावर शेवाळ धरलं. मागे लांब पात्यांचं गवत पाण्याबरोबर डुलायचं आणि त्यातून लाल माशांचा थवा वळायचा. बायको आधी नाक मुरडायची, ती आता भाजीसुद्धा टाकीसमोर बसून निवडायला लागली.

एका सकाळी खालच्या सिस्टर वर आल्या. पूर्वी इस्पितळात परिचारिका होत्या, म्हणून सगळे त्यांना सिस्टरच म्हणत.

"भाऊ, तुमच्याकडे रंधा आहे का हो? आतल्या खोलीचं दार घासतंय. आधी नुसतं अडायचं, आज तर लागतच नाहीये."

"फुगलं असेल. चला, बघतो."

आजवर ते सिस्टरच्या उंबऱ्यापर्यंतच गेले होते. रंधा घेऊन आज पहिल्यांदा आत शिरले आणि दोन पावलांवर थिजले.

भिंत नव्हती.

जिथे भिंत असायला हवी होती तिथे मोकळी जागा होती. तिच्यात पलंग होता आणि पलंगावर सिस्टरचे यजमान पडले होते. ते शाळेत मास्तर होते. अर्धांगवायूने त्यांचं उजवं अंग आणि वाचा दोन्ही गेली होती.

"सिस्टर, इथली भिंत?"

"ती होय? तुम्ही राहायला यायच्या आधीच काढली. ह्यांची चाकाची खुर्ची वळत नव्हती ना. ठेकेदार म्हणाला, नुसती आडभिंत आहे."

घड्याळजींनी मान वर केली. छताच्या गिलाव्याला तडा गेला होता. तो सरळ नव्हता. खांबापाशी वळसा घेत खिडकीकडे गेला होता. ती आकृती त्यांनी स्वतःच्या हाताने पुठ्ठ्यात कापली होती.

त्यांच्या हातातला रंधा खाली पडला.

मास्तरांनी डावा हात उचलला आणि बोट छताकडे केलं. घशातून कसलासा आवाज काढला.

"हे बघा, परत सुरू," सिस्टर म्हणाल्या. "चार-पाच दिवस झाले, सारखं वर बोट. पंखा लावला की चिडतात, बंद केला तरी चि..." बोलता बोलता त्यांनीही वर पाहिलं.

"पलंग ओढा," घड्याळजी म्हणाले. आपला आवाज त्यांना दुसऱ्या कुणाचातरी वाटला. "आधी पलंग ओढा!"

दोघांनी मिळून मास्तरांना स्वयंपाकघरात नेलं. मग घड्याळजी जिना चढून धावले. वर बायको टाकीला पाठ टेकून शेंगा सोलत बसली होती.

"ऊठ. जिन्यात जा."

"अहो, झालं काय?"

"ऊठ म्हणतो ना!"

नळी टाकीत सोडायची तर त्याच जमिनीवर उभं राहायला हवं होतं. ते उभे राहिले. पाणी न्हाणीघराकडे जायला लागलं, पण इतकं सावकाश, की टाकी जशीच्या तशीच दिसत होती. बायको जिन्यात गेलीच नाही. ती बादल्या घेऊन आली आणि उपसायला लागली. मासे पिंपात गेले, झाडं ओल्या चादरीवर. घड्याळजींनी फोन करून बोलावलेला गवंडी खाली टेकू लावत होता. त्याच्या हातोड्याचा ठोका तळव्यांना जाणवायचा आणि प्रत्येक ठोक्याला घड्याळजी डोळे मिटायचे.

टाकी रिकामी झाल्यावर ते खाली गेले.

"पडलं असतं का रे?" त्यांनी विचारलं.

गवंड्याने तड्यावरून बोट फिरवलं. "आज पडलं असतं, नसतं, मला नाही सांगता यायचं. पण मी इथे झोपलो नसतो, काका."

सिस्टर स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर बसल्या होत्या. "चाळीस वर्षं पेशंट बघितले मी," त्या म्हणाल्या. "डोळ्यांवरून दुखणं ओळखायचे. आणि घरचा माणूस सांगतोय वर बघ, तर मी पंख्याचं बटण दाबतेय."

"मी तर खाली येऊन बघितलंच नाही, सिस्टर. एक जिना उतरायचा होता फक्त."

मास्तर दोघांकडे आळीपाळीने बघत होते. त्यांनी डाव्या हाताने घड्याळजींचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. तो राग होता की धीर, घड्याळजींना कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

पुढे खाली पक्की भिंत उभी राहिली, खुर्ची वळेल एवढी वाट सोडून. इंजिनियरने तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. "आता पुन्हा टाकी ठेवलीत तरी चालेल," तो म्हणाला. घड्याळजींनी नुसते हात जोडले. काचवाल्याला बोलावून त्यांनी टाकीचे सांधे कापून काचा सुट्या करून घेतल्या. मासे लेकीच्या घरी गेले, झाडं ज्याने मागितली त्याला दिली.

बायकोने त्या कोपऱ्यात वेताची खुर्ची ठेवली आहे, खिडकीतून छान वारा येतो म्हणून. घड्याळजी अजून तिच्यात बसलेले नाहीत. खिडकी उघडायची झाली तर ते भिंतीच्या कडेकडेने जातात.