थंड खोलीतला झेंडू

एसीच्या गारव्यात झेंडूचा वास आला की मला इंदापूरकडच्या एका साखर कारखान्याची सर्व्हरची खोली आठवते. सर्व्हरमधल्या उसाच्या नोंदींची रोज आपोआप नक्कल करून ठेवणारं टेपांचं कपाट मी तिथं बसवत होते. आतला यांत्रिक हात लेबल वाचून हवी ती कॅसेट उचलायचा. गळीत हंगाम तोंडावर आला होता आणि जुना सर्व्हर कधी मान टाकेल याचा नेम नव्हता. दसऱ्याला सकाळी मशीन सुरू केलं, तर तो हात प्रत्येक कॅसेटपाशी जायचा, लाल उजेड टाकायचा आणि रिकामाच परतायचा. मी वैतागून कपाटाचं दार उघडलं. आदल्या दिवशी खंडेनवमी होती. स्टोअर सांभाळणाऱ्या आबांनी हत्यारांबरोबर या कपाटाचीही पूजा केली होती. वर झेंडू वाहिला होता आणि प्रत्येक कॅसेटच्या लेबलवर मधोमध कुंकू लावलं होतं. “आवं ताई, तोंडाला न्हाय लावायचं तर कुठं लावायचं?” ते म्हणाले. मी कापसानं कुंकू पुसायला लागले, तसा त्यांचा चेहरा उतरला. “म्हंजे पूजा मोडली म्हणायची.” मला राहवलं नाही. कॅसेट उलटी करून मी तिची कोरी पाठ त्यांच्यापुढं धरली. “इथं लावा, आबा.” दुपारी त्या हातानं पहिली कॅसेट उचलली, तेव्हा आबा काचेला नाक लावून बघत होते. त्यांना निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. यंदा ते जुनं मशीन काढायला मीच गेले होते. आबांच्या निवृत्तीनंतर विकत घेतलेल्या कॅसेटा मी एकेक करून उलटून पाहिल्या. सगळ्यांच्या पाठीवर कुंकू होतं.