प्रसादच्या यादीतल्या चुका

प्रसादच्या मेंदूत गाठ आहे, हे डॉक्टरांच्या आधी आम्हाला कळायला हवं होतं.

पुरावा आमच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच पडला होता. आम्ही त्यावर हसलो.

सगळ्यात मोठ्याने मी.

आज सकाळी प्रसाद गेला. शिकागोजवळ नेपरव्हिलमध्ये, शेवटच्या दिवसांसाठीच्या हॉस्पिसमध्ये. वय सत्तेचाळीस. बायको वैदेही आणि मुलगी ईरा जवळ होत्या.

ज्यांची त्याची ओळख नव्हती त्यांच्यासाठी सांगतो. प्रसाद नागपूरचा. शिकागोला जाणाऱ्या सकाळच्या ट्रेनमध्ये बारा वर्षं माझ्या शेजारी बसला. अमेरिकन फुटबॉलचं एवढं वेड असलेला मराठी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सीझन संपला की लोक फुटबॉल विसरतात. याचं काम तेव्हा सुरू व्हायचं.

आपल्या टीमचं पुढच्या वर्षी काय करायचं, याचा प्लॅन. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कॉलेजचा कोणता पोरगा उचलायचा. त्रेपन्न खेळाडूंची पक्की यादी. महिनाभराचे वीकेंड घालवून स्प्रेडशीट बनवायचा आणि मार्चमध्ये ग्रुपवर टाकायचा.

टीमने त्याचं कधीच काही ऐकलं नाही.

"समीर, हे लोक डोळे मिटून टीम चालवून राहिले बे," म्हणायचा.

आम्ही सगळे मुद्दाम त्याच्या यादीत चूक शोधायचो. कधी सापडली नाही.

या मार्चमध्ये प्लॅन आला आणि पाचच मिनिटांत कोणीतरी लिहिलं, "भाऊ, हा क्वार्टरबॅक केव्हाच रिटायर झाला ना?"

मग मी नावं मोजली. एक्कावन्न. त्यातलं एक नाव तीन ठिकाणी.

मी लिहिलं, "प्रसाद, आता तूच रिटायर हो."

खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

एका खेळाडूवरून दोन दोन दिवस भांडणारा हा माणूस.

संध्याकाळी त्याने वाद न घालता दुरुस्त केलेली यादी टाकली.

त्यात एकोणपन्नास नावं होती.

त्यावर मात्र कोणीच काही लिहिलं नाही. मीही नाही. काहीतरी बिनसलंय हे जाणवलं होतं, खोटं कशाला बोलू. पण मीटिंग होती. फोन उलटा ठेवला आणि गेलो.

पुढच्या आठवड्यात सकाळी सातला त्याचा कॉल. कारमधून.

"समीर, स्टेशनला जायला लेफ्ट का राइट?"

बारा वर्षं रोज जायचा तो रस्ता.

मला वाटलं, फिरकी घेतोय. "राइट घे, मग सरळ नागपूर," म्हटलं.

पलीकडे बराच वेळ फक्त इंडिकेटरचा आवाज येत राहिला. टिक टिक टिक.

त्या दिवशी त्याची ट्रेन चुकली.

मग एकदा दुपारी वैदेहीचा फोन.

"प्रसाद तुझ्याशी नीट बोलतो का रे?"

"का गं?"

"सकाळी शर्टाची बटणं लावायला आरशासमोर उभा राहिला. पंधरा मिनिटं. चिडला नाही, काही नाही. नुसता उभा. मीच लावली शेवटी."

"स्ट्रेस असेल. त्याच्या ऑफिसात लेऑफ चाललेत ना," मी म्हणालो.

"तोही तेच म्हणतो," ती म्हणाली. आवाजावरून तिला पटलेलं दिसत नव्हतं. डॉक्टरकडे चल म्हटलं की तो म्हणायचा, ड्राफ्ट होऊन जाऊ दे.

एप्रिलमध्ये ड्राफ्टला नेहमीसारखे त्याच्या घरी जमलो. आपल्या टीमचा नंबर आला, नाव पुकारलं, सगळे ओरडले. प्रसादही उठला.

हातातला ग्लास सुटला. त्याला कळलंच नाही. तो टीव्हीकडेच बघत होता.

ईरा त्याच्यासमोर बसली होती. सतरा वर्षांची पोरगी. तिचा आवाज अजून कानात आहे.

"बाबा? व्हॉट्स हॅपनिंग टू युअर फेस?"

अर्धा चेहरा खाली आला होता.

अँब्युलन्स, एमआरआय, ऑपरेशन. गाठ पूर्ण काढता आली नाही.

मी डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं, "मार्चमध्येच आणलं असतं तर?" ते म्हणाले, ही गाठ फार वेगाने वाढते, फारसा फरक पडला नसता.

ते वाक्य मी रोज औषधासारखं घेतो. गुण येत नाही.

जूनमध्ये त्याच्या घरामागच्या डेकवर बसलो होतो. त्या दिवशी तो बराच स्वच्छ बोलत होता. मी हिंमत केली.

"त्या मेसेजबद्दल सॉरी यार. रिटायर हो म्हणालो त्याबद्दल."

तो एक एक शब्द शोधत बोलला.

"मला दिसत होतं बे. यादी चुकली हे दिसत होतं. कुठे चुकली ते सापडत नव्हतं."

मग म्हणाला, "म्हणून तर पाठवली. वाटलं, तुमच्यापैकी कोणी विचारेल."

त्यानेच विषय बदलला.

मागच्या रविवारी दुपारी हॉस्पिसमध्ये टीव्हीवर आमच्या टीमची सरावाची मॅच लागली होती. आवाज बंद. प्रसादचे डोळे अर्धवट उघडे. बऱ्याच वेळाने म्हणाला,

"आपण कोणते?"

वैदेही खिडकीकडे वळली.

"व्हाइट जर्सी, बाबा," ईरा म्हणाली.

"जिंकून राहिलो का?"

आम्ही सपाटून हरत होतो. मी स्क्रीनकडे बघितलं, ईराने बघितलं नाही. या मुलीला मराठी समजतं, पण ती बोलत नाही. बारा वर्षांत माझ्याशी एक वाक्य मराठीत बोललेली नाही.

तिने त्याचा हात धरला.

"हो बाबा. जिंकून राहिलो."

त्याने डोळे मिटले. माझ्यासमोर तो बोललेलं तेच शेवटचं.

अंत्यदर्शन शनिवारी दुपारी. ज्यांना यायचंय त्यांनी मला मेसेज करा, पत्ता पाठवतो. वैदेहीला आज कोणी फोन करू नका. घरात जेवणाचं आम्ही बघतोय.

प्रसाद, विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

जा मित्रा. जड मनाने निरोप.