टू म्हणजे तिकडं

औरादच्या पोस्टाबाहेर एक म्हातारा स्टुलावर बसून लोकांच्या पार्सलांवर पत्ते लिहून देतो. आधी विचारतो, "कुठं जायलंय?" मग पार्सल जिकडं जायचं तिकडं स्टूल फिरवतो. पुण्याचं असलं की तोंड पेट्रोल पंपाकडं, हैदराबादचं असलं की चिंचेच्या झाडाकडं. मगच मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'टू' काढतो. घाईत असलं की मला वैताग यायचा.

"कामून फिरता हो दरवेळी?" एकदा मी विचारलंच.

"टू म्हणजे तिकडं. त्या गावाकडं पाठ करून लिवलं तर पोचंल कसं, अक्का?"

त्याची लेक हैदराबादला दिलेली होती. दर महिन्याला तिला तुरीची डाळ पाठवायचा. त्या दिवशी पत्ता लिहून झाला तरी चिंचेकडंच बघत बसायचा. यंदा उन्हाळ्यात ती बाळंतपणात गेली.

परवा मी भावाचं पार्सल घेऊन गेले.

"कुठं जायलंय?"

"हैदराबाद," म्हणताना माझीच जीभ अडखळली.

त्यानं पेनाचं टोपण काढलं. स्टूल मात्र पेट्रोल पंपाकडंच राहिलं. मग त्यानं पेन माझ्यापुढं धरला.

"तुमीच लिवा, अक्का. मला तिकडं बघवंना झालंय."