प्रतिफळ म्हणून आलेला हात

आमच्या पप्पांना मारणारा माणूस शेजारच्याच शेताचा मालक होता, आणि मारलं त्यानं उसानं. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा कानावर. कानातून रक्त आलं. पप्पा पळाले नाहीत, हातही वर केला नाही. नुसते उभे राहून म्हणाले, "मार. पर उद्या रविवार हाय. चरक चालू हुणार न्हाय."

राधानगरीकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं गुऱ्हाळ आहे. हंगामात सहा दिवस ऊस पिळणारा चरक फिरतो, रस आटवायचं चुलाण धडधडत असतं आणि शनिवारी अंधार पडला की विझवतात. आम्ही ख्रिस्ती. आजोबांनी घालून दिलेला नियम पप्पांनी कधी मोडला नाही. आसपासचे शेतकरी कुरकुरतात, पण त्या हिशेबानं ऊस तोडतात. हा शेजारीही इतकी वर्षं तसाच तोडत आला होता. त्या आठवड्यात मात्र तोडणीची टोळी उशिरा आली आणि शनिवारी दिवेलागणीला त्याच्या दोन ट्रॉल्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. वर आभाळ भरून आलेलं. तोडलेला ऊस पडून राहिला की आंबतो, आणि आंबलेल्या रसाचा गूळ बसत नाही, काकवीसारखा लोळत राहतो. त्याचं वर्ष वाया जाणार होतं. तो आधी विनवत होता, मग ओरडायला लागला, मग ट्रॉलीतला ऊस उपसला.

तिसरा फटका पप्पांच्या तोंडावर बसला तेव्हा मी रसाची काहील ढवळायचं लाकडी फावडं उचललं आणि त्याच्या पाठीत घातलं. पुन्हा घातलं. तो गुडघ्यावर आला. मी तिसऱ्यांदा उचललं तेवढ्यात माझ्याच गालावर अशी एक बसली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. मारणारे पप्पा होते.

"तुला कुणी सांगितलं मधी पडायला?"

ज्यानं मारलं त्याला काही नाही, आणि मला थोबाडीत! रात्री मी रागातच त्यांचा कान धुतला. तेच आपणहून म्हणाले, "अगं, आपण सोसलं त्ये वाया जात न्हाय. वर सगळं दिसतंय."

पप्पांना या जगातलं फारसं काही नको असायचं. त्यांना हवं होतं ते वर. नीतीनं चालणाऱ्याला देव प्रतिफळ देतो, यावर त्यांची अशी श्रद्धा की आईनं त्यापुढं कधीच हात टेकले होते. शेवटी आपण देवासमोर उभे राहू आणि तो म्हणेल, शाब्बास. त्या एका शब्दासाठी त्यांनी गुळाला रंग यावा म्हणून कधी पावडर टाकली नाही, दारूला शिवले नाहीत, कुणावर हात उचलला नाही. मी सोडून. आईच्या माहेरच्यांशीसुद्धा खरं बोलायचे, त्यामुळं तिकडं जाणं-येणं बंद झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सुजलेल्या तोंडानं, पांढरा शर्ट घालून ते चर्चला आले. उपासना निम्मी झाली असेल, माझा फोन थरथरायला लागला. आमच्याकडं चुलाणात जळण घालणारा गडी गुऱ्हाळातच राहतो, त्याचा होता. मी बाहेर जाऊन उचलला. तो रडत होता. शेजाऱ्यानं खटक्याच्या पेटीचं कुलूप फोडून मोटार चालू केली होती, स्वतःच चरकात ऊस लावत होता, आणि शर्टाची बाही अडकून त्याचा हात आत गेला होता.

पहिल्यांदा मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? छान वाटलं.

गुऱ्हाळात पोचेपर्यंत ते टिकलं. शेडमध्ये पाय टाकला आणि गेलं. गड्यानं मोटार बंद केली होती, पण हात कोपरापर्यंत दोन लाटांच्या मध्ये तसाच होता. रस काढणाऱ्या त्या लोखंडी लाटा उसाचं भुस्कट करतात. खालच्या पन्हळीतून हिरवा रस वाहत होता आणि त्यात लाल. तो माणूस ओरडत नव्हता, हंबरत होता. त्याची बायको त्याला कंबरेला धरून मागं ओढत होती.

"ओढू नगंस!" पप्पा गरजले. "तुटंल त्यो!"

त्यांनी पाना घेतला आणि लाटांचे बोल्ट सैल करायला लागले. बोल्ट गंजलेले. पप्पा पान्यावर हातोडा घालत होते, आणि प्रत्येक घावाला लाट हलायची आणि तो किंचाळायचा. मला म्हणाले, "डोकं धर त्येचं. बघू दिऊ नगं." काल ज्याच्या पाठीत फावडं घातलं त्याचं डोकं मी आज पोटाशी आवळून धरलं. त्यानं माझ्या दंडाला चावा घेतला. दात आत गेले. मी सोडलं नाही. सुटला असता तर तो तसाच हिसका मारून मागं पडला असता.

लाट उचलली गेली तेव्हा पप्पांनी तो हात स्वतः बाहेर काढला. मनगटाच्या पुढं हात राहिलाच नव्हता. पप्पांनी अंगातला पांढरा शर्ट काढून त्याच्याभोवती करकचून बांधला आणि उघड्या अंगानं त्याला मांडीवर घेऊन टेम्पोत बसले. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी हात कोपरापासून काढला.

त्या आठवड्यात पप्पा जेवले की नाही मला आठवत नाही. चरक मात्र त्यांनी घासून घासून धुतला.

शनिवारी संध्याकाळी शेजाऱ्याची बायको उरलेल्या उसाची ट्रॉली घेऊन दारात आली. पहिल्या दोन ट्रॉल्या तर आंबून गेल्या होत्या. टोळी सोडून चालली होती, म्हणून उरलेला ऊस तिनं त्याच दिवशी तोडून घेतला होता. पप्पांनी ट्रॉलीकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाले, "सोमवारी." मला त्यांचा गळा धरावासा वाटला. ती मात्र हात जोडून म्हणाली, "व्हय आण्णा. सोमवारी तर सोमवारी. मी थांबतो की."

आमच्या उपासनेत साक्षीची वेळ असते. ज्याला देवाचा अनुभव आला त्यानं उठून चार लोकांत तो सांगायचा. कुणाचा ताप उतरलेला असतो, कुणाच्या मुलाला नोकरी लागलेली असते. त्या रविवारी चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक उठले. चांगला माणूस, अडीअडचणीला धावणारा. पण त्या दिवशी त्यांच्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे.

"आपल्या एका भावानं देवाचा दिवस पाळला, म्हणून मार खाल्ला. उलटून हात उचलला नाही. आणि देवानं काय केलं? पुरता एक दिवसही जाऊ दिला नाही! ज्या हातानं नीतिमानाला मारलं, तोच हात काढून घेतला. हे प्रतिफळ आहे, बंधुभगिनींनो. चांगल्या माणसाला देव इथंच, या डोळ्यांना दाखवतो."

"आमेन," लोक म्हणाले. काही जणांनी टाळ्या वाजवल्या. पंचांनी पप्पांना हातानं पुढं बोलावलं. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेबही हसून मान हलवत होते. जन्मभर ज्याची वाट पाहिली ती शाब्बासकी पप्पांना मिळत होती, आख्ख्या मंडळीसमोर. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. हे त्यांना गोड लागलं तर? घरी येऊन त्यांनी हेच देवाचे आभार मानून सांगितलं तर? मग त्या घरात मी राहणार नव्हते, एवढं तेव्हाच ठरवून टाकलं.

पप्पा पुढं गेले.

"त्यो हात मी काढलाय भाईर," ते म्हणाले. "तुमी बघितला न्हाय. बोटं न्हवती. उसाचा चोथा आन् माणसाचा चोथा एकात एक झालता. मी वेगळा करत हुतो, त्यो मला म्हणत हुता, आण्णा, आण्णा." ते पंचांकडं वळले. "ह्ये बक्षीस? माझ्या चांगुलपणाचं? आरं, कुत्र्याला बी असलं कोण टाकत न्हाय!"

"भाऊ, देवाची इच्छा आपल्याला..." पंच मध्येच बोलायला गेले.

पप्पांनी पुलपिटावरची काचेची फुलदाणी उचलली आणि भिंतीवर फेकली. काचा पहिल्या बाकापर्यंत उडाल्या. लहान मुलं रडायला लागली. पंचांची कॉलर पप्पांच्या मुठीत होती आणि ते त्यांना गदागदा हलवत होते. "परत सांग. माझ्यासाठी तोडला म्हणून परत एकदा सांग. सांग की!" आम्ही तिघाचौघांनी मिळून त्यांना सोडवलं. हा माणूस मी कधी पाहिला नव्हता. मला त्याची भीती वाटली आणि अभिमानही वाटला.

ते तसेच बाहेर पडले. मी स्कूटर काढली. त्यांना मागं बसवून थेट गुऱ्हाळाकडं घेतली.

गुऱ्हाळात ट्रॉलीच्या सावलीला शेजारी बसला होता. त्याला आदल्या दिवशीच घरी सोडलं होतं. कोपराला पांढरी गुंडाळी, चेहरा राखेसारखा. त्याच्या बायकोनं चरकासमोर नारळ ठेवला होता, त्याला हळदकुंकू लावलं होतं. पप्पांना बघून ती घाईनं उठली.

"आण्णा, तुमच्या द्येवाला नारळ चालतोय का ठावं न्हाय. पर एवढा त्येच्याफुडं ठेवा. आमच्या मालकानं चूक केली, हात दिला. आता पोरांवर कोप नगं म्हणावं त्येला."

"कुणी सांगितलं तुला ह्ये?"

"समदी म्हणत्यात की. तुमच्या चर्चातली बी म्हणत्यात."

"बराबर हाय त्येंचं," शेजारी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "मी तुमास्नी मारलं. त्यानं घेतला."

"आरं, चरकानं घेतला!" पप्पा ओरडले. "लोखंड हाय त्ये!"

शेजाऱ्यानं मान हलवली, पण त्याचा विश्वास बसला नव्हता. "बघू, नेम मोडल्यावर माझा बी हात त्यो घेतोय का," पप्पा म्हणाले. मग पेटीकडं गेले आणि गड्याला हाक मारली, "चुलाण पेटव."

गडी जागचा हलेना. शेजाऱ्याची बायको मात्र धावली आणि पेटीला पाठ लावून उभी राहिली.

"आज नगं आण्णा! रविवार हाय. तुमास्नी पाप लागंल."

"लागू दे."

"तुमी आजवर एवढं पाळलंय..."

"बाजूला हो, बाई. लागू दे म्हणतोय न्हवं."

त्यांनी खटका दाबला. मोटार घुमली, लाटा फिरायला लागल्या, आणि तो आवाज कानावर पडताच शेजाऱ्यानं टाहो फोडला. गुंडाळलेला कोपर पोटाशी घेऊन तो मातीत लोळायला लागला. पप्पा धावले, त्याच्याशेजारी मातीत बसले आणि दोन्ही हातांनी त्याला घट्ट धरलं. "बंद करू नगं," ते मला ओरडून म्हणाले, "ऊस लाव!"

मी बाही वर गुंडाळली आणि ट्रॉलीतला पहिला ऊस उचलला.